वाटा टीएमसीत मोजला, पण त्या पाण्यात काय आहे? ऱ्हाईनकाठचे शेजारी आणि आपली तेरेखोल-शापोरा

निवळी, सोमवार, रात्री ९.१२

मी गोव्यातल्या पेडण्याची, तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मधली. निवृत्त होईपर्यंत २४ वर्षं पाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत काम केलं. केंद्राचं नाव घेत नाही, कारण नदीकाठच्या कुठल्याही केंद्रात हेच घडतं.

जूनमधली एक पहाट सांगते. पाच वाजता रात्रपाळीच्या ऑपरेटरचा फोन: "बाई, पाणी तांबडं येतंय." आमच्याकडे रात्रभर थेंब नव्हता, अंगण कोरडं. जाऊन बघते तर इनटेकच्या, म्हणजे नदीचं पाणी आत घेण्याच्या, विहिरीत गेरू कालवल्यासारखं पाणी. आदल्या संध्याकाळी टर्बिडिटी, म्हणजे गढूळपणा, १२ होती, आता मीटरची पट्टी संपली. नमुना दहापट पातळ करून मोजावा लागला. जार टेस्ट लावली. सहा बीकर, प्रत्येकात लिटरभर तेच तांबडं पाणी, तुरटीचे चढते डोस, पॅडल आधी जोरात आणि मग अगदी सावकाश. चार बीकर तसेच गढूळ राहिले. पाचव्यात कुठे कापसाच्या पेळवासारखे गठ्ठे धरले आणि खाली बसायला लागले. तोवर जे पाणी पुढे गेलं त्यानं फिल्टर बेड चोंदले. बॅकवॉश करकरून, म्हणजे उलटं पाणी सोडून बेड धुऊन धुऊन, टाकीतलं चांगलं पाणी संपलं आणि दुपारी खालच्या वाड्यांचे नळ कोरडे.

घाटाच्या पायथ्याला रात्री धो धो कोसळला होता. डोंगर जिथे उघडा केला होता तिथली माती ओहोळातून नदीत आली होती. वरच्या गावात कुणी ना कुणी ते रात्री दहालाच पाहिलं असणार. आमच्यापर्यंत ते पाणी पोचायला सहा-सात तास लागले. तेवढ्यात आम्ही इनटेक बंद करून टाक्या भरून ठेवू शकलो असतो. पण कुणी कुणाला कळवायचं हेच ठरलेलं नव्हतं, कारण मध्ये राज्याची हद्द, वर महाराष्ट्र आणि खाली गोवा.

तेव्हापासून हद्द ओलांडणाऱ्या नद्यांबद्दल मिळेल ते वाचत आले. आपल्याला वाट्याचे आकडे तोंडपाठ असतात. तिळारी धरणाचा १९९० चा करार, त्यात गोव्याचा वाटा ७३.३ टक्के. म्हादई नदीच्या लवादाचा २०१८ चा निवाडा: गोवा २४ टीएमसी (अब्ज घनफूट), कर्नाटक १३.४२, महाराष्ट्र १.३३. दोन दशांशांपर्यंत हिशेब. त्या टीएमसीमध्ये माती किती, मैला किती, मीठ किती, यावर मात्र चौकात कधी वाद झालेला मी ऐकला नाही.

ऱ्हाईन स्वित्झर्लंडच्या आल्प्समध्ये उगम पावते आणि सव्वाबाराशे किलोमीटर वाहून नेदरलँड्समध्ये समुद्राला मिळते. नेदरलँड्सची जागा आपलीच, सगळ्यात शेवटची. १९५० साली स्वित्झर्लंड, जर्मनी, फ्रान्स, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स यांनी मिळून ऱ्हाईन संरक्षणाचा आयोग काढला. युद्ध संपून पाच वर्षं झालेली, एकमेकांवर बॉम्ब टाकलेली माणसं एका टेबलाशी बसली. पहिल्यांदा काय केलं, तर सगळ्यांनी सारख्याच पद्धतीनं नमुने घ्यायचे आणि मोजायचे हे ठरवलं. मी प्रयोगशाळेतली, म्हणून मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नसतील तर पुढचं सगळं बोलणं म्हणजे नुसतं भांडण.

आणि तरीही १ नोव्हेंबर १९८६ उजाडला. बासेलजवळ श्वाइत्सरहाले इथे सँडोझ कंपनीच्या गोदामाला मध्यरात्रीनंतर आग लागली. आत तेराशे टनांच्या आसपास रसायनं, बरीचशी कीटकनाशकं. बंबांनी मारलेलं पाणी ती रसायनं घेऊन सरळ नदीत उतरलं. नदी रंगानं लाल झाली. शेकडो किलोमीटरपर्यंतचे ईल, म्हणजे आपल्या वामीसारखे मासे, दीड लाखांच्या आसपास मेले. खालच्या देशांतल्या पाणी केंद्रांना इनटेक बंद करावे लागले, आणि त्यांची मोठी तक्रार होती ती खबर उशिरा मिळाल्याची. ते वाचताना मला माझी ती पहाट आठवली.

इथे वरच्या अंगाचे कुणी आहेत का? बांदा, दोडामार्ग, सावंतवाडी? तुमच्याकडून काय दिसतं ते ऐकायचं आहे.

तारवटी, सोमवार, रात्री १०.४०

निवळीताई, मी हरमलचा. ११ हंगाम ऱ्हाईनवरच्या प्रवासी बोटीवर होतो, बासेल ते ॲमस्टरडॅम आणि परत. किचनमध्ये होतो, त्यामुळे पाण्याचं काय होतं ते रोज हातानं केलंय.

माझ्या वेळी ५० हून जास्त प्रवाशांच्या बोटीला सांडपाणी नदीत सोडायला बंदी होती. टाकीत साठवायचं, नाहीतर बोटीवरच्या प्लांटमध्ये शुद्ध करायचं. इंजिनाचं तेलकट पाणी धक्क्यावर द्यायचं आणि त्याच्या वहीत शिक्का घ्यायचा. पोलीस बोटीवर चढले की आधी वही मागतात. हा नियम बासेलला एक आणि रॉटरडॅमला दुसरा असा नाही. सहा देशांचा १९९६ चा करार आहे, २००९ पासून लागू. पहिल्या हंगामात मी भांड्यातलं तेल सिंकमध्ये ओतलं होतं. शेफनं सगळ्यांसमोर थांबवलं आणि डबा दाखवला. त्यानंतर हात आपोआप डब्याकडे जायचा.

जर्मनी संपून हॉलंड, म्हणजे नेदरलँड्स, सुरू होतं तिथे डाव्या काठाला बिमेन, जर्मनीचं. उजव्या काठाला लोबिथ, डचांचं. दोन्हीकडे पाणी तपासायचं केंद्र. पूर्वी आपापलं मोजायचे, आता मिळून चालवतात. कॅप्टननं सांगितलं होतं की एवढ्या रुंद नदीत एका काठाचं पाणी दुसऱ्या काठाला मिसळायला खूप अंतर जावं लागतं, म्हणून एकाच काठाला मोजून भागत नाही. इकडे घरी आलो की किरणपाणीच्या पुलावर उभा राहतो. एक काठ आमचा, पलीकडे आरोंदा. तेव्हा मला तेच आठवतं.

दाणोलीवाट, मंगळवार, सकाळी ७.०५

मी वरचा. बांद्याजवळचा.

खालच्यांनी वरच्यांका नावां ठेवची, ह्या आमका पाठ झाला. पण ताईंनी नीट विचारलंय म्हणून नीट सांगतो.

ताई, त्या रात्री आमच्याकडे कुणी पाहिलं असणार हे खरं. मीही अशा रात्री पाहिल्यात. व्हाळाचा आवाज बदलतो, पाण्याबरोबर दगड गडगडत येतात. पण पाहणारा माणूस तेव्हा गोठ्यातली गुरं सोडवत असतो. आमचाच साकव जातो, आमच्याच विहिरींत चिखल शिरतो. डोंगर उघडा केला तो आम्ही नाही, नुकसान पहिलं आमचंच. मग आम्ही आणि तुम्ही एका बाजूचे की दोन?

दुसरं. खाडीला भरती येते. किनाऱ्यावर गेल्या १५-२० वर्षांत जे काही उभं राहिलं, त्याचं सांडपाणी भरतीबरोबर वर येतं. आरोंद्याच्या खालच्या अंगाला तिसऱ्या (शिंपले) काढणाऱ्या बायका सांगतात, पूर्वी चिखल काळा नव्हता, वास नव्हता. म्हणजे "वरचे घाण करतात, खालचे भोगतात" एवढं सरळ नाही हे.

आणि पैसे कोण देणार? वरच्यांनी बांध घालायचे, झाडं लावायची, पाळत ठेवायची, आणि पाणी खालच्यांचं स्वच्छ.

मानशीवर, मंगळवार, सकाळी ८.२०

दाणोलीवाट, तिसऱ्यांचं अगदी खरं. शापोऱ्याच्या काठी आमचं खाजन, म्हणजे बांध घातलेली खारजमीन, आहे. मानशीची, म्हणजे बांधातल्या झडपेची, दारं ओहोटीला उघडली की आतलं पाणी जातं, भरतीला आपोआप मिटतात. दोन वर्षांमागे मार्चमध्ये एक दिवस दारापाशी काळुंदर आणि शेवटे पांढरं पोट वर करून तरंगत होते, पाटीभर. पाण्यावर साबणासारखा फेस. अर्ज केला. तिसऱ्या दिवशी नमुना न्यायला माणूस आला. तोवर सहा भरत्या येऊन गेल्या होत्या. अहवालात सगळं ठीक.

निवळी, मंगळवार, दुपारी २.३०

दाणोलीवाट, तुमचा शब्द न् शब्द मान्य. त्या पहाटे वरच्या गावात काय चाललं असेल याचा विचार मी खरंच केला नव्हता. भरतीचंही बरोबर. खाडीत वरचा-खालचा हा भेद दिवसातून दोनदा उलटतो.

पैशांचं विचारलंत तर ऱ्हाईनवरचा मिठाचा तंटा ऐका. फ्रान्समध्ये अल्सास भागात पोटॅशच्या खाणी होत्या. त्यांचं टाकाऊ मीठ वर्षानुवर्षं नदीत जायचं. खाली नेदरलँड्समध्ये पिण्याचं पाणी खारट, हरितगृहांतली भाजी-फुलं करपायला लागली. १९७६ मध्ये बॉनला करार झाला की फ्रान्सनं मीठ सोडणं कमी करायचं आणि खर्च चौघांनी वाटून घ्यायचा. फ्रान्स ३० टक्के, जर्मनी ३०, स्वित्झर्लंड ६ आणि नेदरलँड्स ३४. सगळ्यात जास्त वाटा ज्याचं नुकसान होत होतं त्याचा! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. "घाण करणाऱ्यानं पैसे भरायचे" हे तत्त्व गेलं कुठे?

पण डचांनी गणित मांडलं. तत्त्वासाठी अडून बसलं तर मीठ येतच राहणार, पाणी मात्र आज प्यायचं आहे. तेही सुरळीत झालं नाही. करार लागू व्हायला १९८५ उजाडलं. १९९१ मध्ये ठरलं की जर्मन-डच सीमेवर क्लोराइड लिटरला २०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ लागलं की फ्रान्सनं मीठ नदीत सोडायचं नाही, जमिनीवर साठवायचं. पुढे हिशेबावरून भांडण लवादात गेलं आणि २००४ मध्ये लवादानं फ्रान्सला पैसे परत करायला लावले. खाणी तोवर बंद झाल्या होत्या. म्हणजे वरच्यांना पैसे द्यायला मला हरकत नाही, पण कुठल्या ठिकाणी, कुठला आकडा, किती, हे लिहिलेलं हवं. आपल्याकडे त्या ओळीच्या जागी "योग्य ती उपाययोजना" असं लिहितात.

मानशीवर, तुमचं वाचून वाईट वाटलं. मेलेल्या माशांचं पाणी पहिल्या दोन-चार तासांत बाटलीत भरलं नाही तर काही हाती लागत नाही. यावर खाली लिहिते.

कलम_कागद, मंगळवार, रात्री ९.५०

डिचोलीत वकिली करते. मिठाच्या तंट्याला एक कोर्टाची बाजू आहे. एका डच रोपवाटिकेनं फ्रेंच खाणीवर दावा लावला होता. प्रश्न असा की दावा चालवायचा कुठे? मीठ सोडलं फ्रान्समध्ये, रोपं मेली हॉलंडमध्ये. युरोपच्या न्यायालयानं त्याच १९७६ साली सांगितलं की नुकसान जिथे झालं तिथे किंवा जिथे ते घडवलं तिथे, दोन्हीपैकी कुठेही, निवड ज्याचं नुकसान झालं त्याची. खालच्या शेतकऱ्याला स्वतःच्या गावच्या कोर्टात उभं राहता आलं. माझ्या दृष्टीनं बॉनच्या कराराइतकंच हे मोठं.

आपल्या उपखंडात देशादेशांतले करार बहुतेक पाण्याच्या मापाचे. १९९६ चा गंगा करार फराक्क्याला जानेवारी ते मे कुणाला किती पाणी यापुरता. १९६० च्या सिंधू करारात प्रदूषणावर एक परिच्छेद आहे, पण "शक्य तितकं" या शब्दांत गुंडाळलेला.

गोवा आणि महाराष्ट्र तर एकाच देशातले, आणि आपल्याकडे कायदा आहे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम १३ वाचा. लगतच्या राज्यांच्या सरकारांना करार करून संयुक्त मंडळ स्थापन करता येतं. कलम १६ प्रमाणे राज्य मंडळांमधले वाद सोडवणं हे केंद्रीय मंडळाचं काम. आणि कलम ३१: अपघातानं विषारी काही नदीत गेलं तर त्या जागेच्या प्रमुखानं ताबडतोब राज्य मंडळाला आणि नियमात नेमलेल्या इतर यंत्रणांना कळवायचं. मजकूर "राज्य मंडळ" म्हणतो, म्हणजे आपल्या राज्याचं. नदी अर्ध्या तासात दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर तिथल्या केंद्राला कळवा, असं त्या कलमात थेट लिहिलेलं नाही. निवळीताईंची पहाट नेमकी या फटीतून निसटली. यासाठी नवा कायदा लागत नाही, दोन सचिवांच्या सहीचं एक पत्रक पुरतं.

म्हादईसाठी २०२३ मध्ये केंद्रानं "प्रवाह" नावाचं प्राधिकरण केलं, मुख्य काम लवादाच्या निवाड्याची अंमलबजावणी. तिथे गुणवत्तेचा आग्रह धरायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

सत्तरीचा, बुधवार, सकाळी ६.३०

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. ऱ्हाईनच्या लोकांनी १९५० ला आयोग काढला, तरी १९७० च्या सुमाराला नदी मेल्यातच जमा होती आणि १९८६ ला आग लागली. ३६ वर्षं बैठका! नदी सुधारली ती गावोगाव सांडपाण्याचे प्लांट बांधले आणि कारखान्यांनी शुद्धीकरण केलं म्हणून. त्याला अब्जावधी लागले. ते श्रीमंत होते. एकमेकांना फोन करून पाणी स्वच्छ होत नाही.

निवळी, बुधवार, सकाळी ११.१५

सत्तरीचा, बरोबर आहे. फोननं पाणी स्वच्छ होत नाही, माणसं वाचतात.

जानेवारी २००० मध्ये रोमानियात बाया मारे इथे सोन्याच्या खाणीच्या गाळाचा बांध फुटला. सायनाइडचं एक लाख घनमीटर पाणी सोमेश नदीत, तिथून हंगेरीच्या तिसा नदीत, पुढे डॅन्यूबमध्ये. रोमानिया तेव्हा श्रीमंत नव्हता. तिसामधले मासे हजार टनांच्या वर मेले, नदीचे हाल झाले. पण डॅन्यूबकाठच्या देशांनी तीन वर्षं आधी इशाऱ्याची साखळी सुरू केली होती. प्रत्येक देशात एक केंद्र, ठरलेला मजकूर, ठरलेला क्रम. विषाचा पट्टा पोचण्याआधी खालच्या शहरांना खबर होती. हंगेरीतल्या सोल्नोक शहराचं पिण्याचं पाणी तिसातूनच येतं. त्यांनी इनटेक वेळेत बंद केला. मी २४ वर्षं इनटेकच्या व्हॉल्व्हपाशी काढली आहेत, म्हणून सोल्नोकच्या ऑपरेटरचा मला हेवा वाटतो. त्याला माहीत होतं काय येतंय आणि केव्हा येतंय.

आणि त्या ३६ वर्षांबद्दल. सँडोझच्या आगीनंतर ११ महिन्यांत ऱ्हाईनचा कृती कार्यक्रम मंजूर झाला. घातक पदार्थ १९९५ पर्यंत निम्म्यावर आणायचे आणि २००० पर्यंत साल्मन मासा नदीत परत आणायचा. बहुतेक पदार्थांच्या बाबतीत ते साधलं, साल्मनही उपनद्यांमध्ये परत आला. इतक्या लवकर ते कसं जमलं? आधीची आकड्यांची वही तयार होती. कुठून काय येतंय यावर भांडायची गरज उरली नव्हती. साल्मन निवडला हेही शहाणपणाचं. बीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, कमी झाला म्हटलं तर आमच्या वाडीवर कुणाला कळणार? मासा परत आला म्हटलं की आजीलाही कळतं. आपल्याकडे काय निवडाल? मी तिसऱ्या निवडीन.

मोलॅरिटी, बुधवार, दुपारी १.०५

कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) आणि बीओडीसाठी आमची लॅब देऊ शकतो, रविवारीही. कॉलिफॉर्मसाठी, म्हणजे मैल्यातल्या जंतूंसाठी, निर्जंतुक बाटल्या ऑटोक्लेव्ह करून देईन.

दाणोलीवाट, बुधवार, रात्री ८.४५

ताई, चला करूया. किरणपाणी-आरोंदा पुलावर. दोन्ही काठ आणि मधला एक, तुमच्या त्या बिमेन-लोबिथसारखं. माझ्या बाजूच्या गावांतल्या चौघांचे नंबरही गोळा करतो. पावसाळ्यात व्हाळाचं पाणी तांबडं झालं की रात्री असो की पहाट, तुमच्या केंद्राच्या कंट्रोल रूमला कळवतील. सरकारी पत्रक येईल तेव्हा येईल. पण नमुना घ्यायचा कसा ते तुम्ही आधी शिकवा. मानशीवरसारखं व्हायला नको.

निवळी, बुधवार, रात्री १०.३०

लिहिते, सगळ्यांनी एकाच पद्धतीनं करा.

वेळ ओहोटीची, तिन्ही जागी एकाच वेळी. भरती-ओहोटी मिसळली तर आकडे कामाचे नाहीत. बादली त्याच पाण्यात आधी दोनदा खळबळून घ्या. डीओची बाटली ३०० मिलीची, काचेच्या बुचाची. नळी बाटलीच्या तळापर्यंत सोडून पाणी वरून ओसंडेस्तोवर भरा, आत बुडबुडा राहता कामा नये. बुडबुडा म्हणजे हवा, आणि आपण हवाच मोजतोय. मग तिथेच काठावर मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घाला, दोन्हींच्या कुप्या मी आणते. बूच लावून उलटसुलट करा. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, जितका गडद तितका चांगला. पांढरा बसला तर तिथेच मला हाक मारा.

कॉलिफॉर्मच्या निर्जंतुक बाटलीचं तोंड आणि झाकणाची आतली बाजू बोटानं शिवायची नाही. ती लगेच बर्फात. आंघोळीच्या पाण्याला १०० मिलीत ५०० पर्यंत बरं, २५०० ही शेवटची मर्यादा. डीओ लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली नको, बीओडी ३ च्या वर नको. बीओडी आपल्या पद्धतीनं, २७ अंशांना तीन दिवस.

लेबल पेन्सिलनं, शाई ओलीनं पसरते. जागा, काठ, वेळ, पाण्याचं तापमान, आणि घेणाऱ्याची सही. दोन्ही काठांच्या वहीत तिन्ही आकडे लिहायचे, आपापलेच नाही. मानशीवर, तुम्हाला दोन बाटल्या आणि कुप्या घरी देऊन ठेवते. पुन्हा मासे तरंगले तर माणूस येण्याची वाट पाहू नका. आधी बाटली भरा.

दाणोलीवाट, बुधवार, रात्री १०.५२

तक्ता बघितला. रविवारी ओहोटी सकाळी साडेसातला. मी सातला आरोंद्याच्या टोकाला असेन. दोरी, बादली आणि बर्फाचा डबा माझा. तिसऱ्या काढणाऱ्या दोघीजणी येतो म्हणाल्यात, चिखल कुठे काळा झालाय ते दाखवायला.